निकाल एक, मथळे दोन

प्रस्तावना

११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने शिवसेनेतल्या फुटीवर एकमताने निकाल दिला. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड पीठाचे प्रमुख होते. निकालपत्र लांबलचक होतं, पण सामान्य वाचकाला हवे असलेले मुद्दे हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच होते. जून २०२२ मध्ये राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी उद्धव ठाकरे यांना बहुमत सिद्ध करायला सांगितलं, तेव्हा राज्यपालांकडे त्यासाठी पुरेसा वस्तुनिष्ठ आधार नव्हता. एकनाथ शिंदे यांच्या फुटीर गटाच्या भरत गोगावले यांना मुख्य प्रतोद म्हणून विधानसभाध्यक्षांनी दिलेली मान्यता कायद्याला धरून नव्हती. मात्र ठाकरे यांनी बहुमत चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला असल्यामुळे त्यांचं सरकार पुन्हा आणता येणार नाही. त्यानंतर एकनाथ शिंदे यांना सरकार बनवायला बोलावण्यात राज्यपालांचं चुकलं नाही. आणि आमदारांच्या अपात्रतेचा फैसला अध्यक्षांनीच वाजवी मुदतीत करावा.

त्याच दिवशी दोन्ही गटांनी आपला विजय झाल्याचं जाहीर केलं. एका बाजूने सरकार वाचल्याचा आनंद साजरा केला, तर दुसऱ्या बाजूने राज्यपालांवरचे ताशेरे आणि प्रतोदाचा मुद्दा पुढे करून मुख्यमंत्र्यांकडे नैतिकतेच्या आधारावर राजीनामा मागितला. पक्षांनी असं बोलावं यात नवल नाही. पण ज्या त्या बाजूकडे कललेल्या वृत्तपत्रांत आणि वाहिन्यांवरही तेच उमटलं. निकालातली तिसरी-चौथी ओळ कोणाच्या मथळ्यात, पहिली-दुसरी कोणाच्या. गंमत अशी की यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. सरकार खरोखरच टिकलं होतं आणि राज्यपाल खरोखरच चुकले होते. तरी दोन घरांत दोन वेगळी वृत्तपत्रं वाचणाऱ्या दोन माणसांच्या मनात दोन वेगळे निकाल पोचले, आणि दोघांनाही दुसरा माणूस धादांत खोटं बोलतोय असं वाटलं.

या पुस्तकाला निमित्त झालं ते हेच. बाजू घेणाऱ्या राजकीय माध्यमांत तथ्य कुठे संपतं आणि मत कुठे सुरू होतं, हे ओळखायचं कसं? प्रश्न जुना आहे, आणि त्याचं एक उत्तर सगळ्यांच्या तोंडी असतं. पेपर विकले गेलेत, चॅनेलवाले दलाल आहेत, कोणावरही विश्वास ठेवू नका. हे उत्तर मला आळशी वाटतं. कोणावरच विश्वास न ठेवणारा माणूस शेवटी ज्याच्यावर विश्वास ठेवायला त्याला आवडतं त्याच्यावर ठेवतो, एवढाच माझा अनुभव आहे.

सुरुवातीलाच एक गोंधळ दूर करायला हवा, कारण पुढची सगळी प्रकरणं त्यावर उभी आहेत. तथ्य म्हणजे खरं आणि मत म्हणजे खोटं किंवा कच्चं, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात फरक वेगळ्या ठिकाणी आहे. जे विधान पुरावा पाहून खरं की खोटं ठरवता येतं ते तथ्याचं विधान. ते खोटं निघालं तरी त्याची जात बदलत नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजारांची नवी नोट आली तेव्हा तिच्यात उपग्रहाला संदेश पाठवणारी चिप आहे, असं काही वृत्तवाहिन्यांनी तपशीलवार आणि चित्रांसह सांगितलं होतं. हे मत नव्हतं. ते तथ्याचं विधान होतं आणि खोटं होतं. नोट फाडून पाहिली तरी पुरे होतं. उलट नोटाबंदी करायलाच नको होती, हे मत. त्याच्या बाजूने किंवा विरुद्ध कितीही आकडे मांडले तरी शेवटी मूल्यांचा प्रश्न उरतोच.

आणि या दोहोंच्या मध्ये एक मोठा पट्टा आहे. सगळं राजकीय लेखन तिथेच वस्ती करून असतं. नोटाबंदी फसली, हे वाक्य घ्या. रिझर्व्ह बँकेने २०१८ च्या वार्षिक अहवालात सांगितलं की चलनातून बाद केलेल्या १५.४१ लाख कोटी रुपयांच्या नोटांपैकी १५.३१ लाख कोटींच्या, म्हणजे ९९.३ टक्के नोटा परत आल्या. हे तथ्य. आता काळा पैसा नोटांच्या रूपात नष्ट होईल हा हेतू धरला, तर फसली म्हणायला भक्कम आधार मिळतो. डिजिटल व्यवहार वाढवणं हा हेतू धरला, तर सरकारचे समर्थक वेगळे आकडे काढतात. कोणती पट्टी लावायची हे लिहिणारा ठरवतो, आणि ती पट्टी कोणती हे तो बहुधा सांगत नाही. न सांगितलेली पट्टी शोधून काढणं हे वाचकाचं पहिलं काम.

मराठी वृत्तपत्रांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट मान्य करावी लागते. आपल्याकडचं पत्र जन्मालाच आलं ते मत घेऊन. बातमी हा मुख्य माल आणि अग्रलेख ही जोड, अशी मांडणी पुष्कळ उशिरा आली. नानासाहेब परुळेकर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकून आले आणि १ जानेवारी १९३२ रोजी त्यांनी पुण्यात 'सकाळ' सुरू केला, तेव्हा बातमीला प्राधान्य देणारं दैनिक ही पुण्याला नवी चीज होती. त्याआधीचा वाचक पत्र विकत घ्यायचा तो टिळक काय म्हणतात, आगरकर काय म्हणतात हे कळावं म्हणून. आचार्य अत्र्यांचा 'मराठा' १९५६ मध्ये निघाला तो संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यासाठी. 'सामना' १९८८ मध्ये निघाला तो शिवसेनेचं मुखपत्र म्हणून, आणि त्याने ते कधी लपवलं नाही. नीलकंठ खाडिलकरांच्या 'नवाकाळ'ने तर आपली ओळखच अग्रलेखावर उभी केली. म्हणून पक्षपाती माध्यम ही आजची विकृती आहे, पूर्वी सगळे तटस्थ होते, असं म्हणणाऱ्याने जुन्या फायली एकदा उघडून पाहाव्यात.

आणि त्या फायलींत सगळ्यात बोलकं प्रकरण आहे ते १८८२ चं.

'मराठा' आणि 'केसरी' ही पत्रं जानेवारी १८८१ मध्ये सुरू झाली. पहिलं इंग्रजी, टिळकांकडे. दुसरं मराठी, आगरकरांकडे. दोघेही पंचविशीच्या आसपासचे. त्या वेळी कोल्हापूरचे तरुण महाराज वेडे झाले आहेत असं सांगून त्यांना बंदोबस्तात ठेवलं होतं, आणि कारभार माधवराव बर्वे यांच्याकडे होता. महाराज वेडे नाहीत, त्यांचा छळ करून त्यांना वेडं ठरवलं जातंय, अशी पुण्यात आणि कोल्हापुरात दाट शंका होती. या दोन पत्रांनी ती उचलून धरली. नुसती शंका मांडून ते थांबले नाहीत. बर्व्यांनीच लिहिलेली म्हणून हाती आलेली, त्यांचा कट उघड करणारी पत्रं त्यांच्या आधाराला होती, आणि त्यांनी ती छापली. बर्व्यांनी बदनामीचा खटला भरला. खटल्यात ती पत्रं बनावट निघाली. दोन्ही संपादकांनी माफी मागितली, पण फिर्याद मागे घेतली गेली नाही. १७ जुलै १८८२ रोजी दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. सूट मिळून ते २६ ऑक्टोबरला मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगातून बाहेर आले. आगरकरांनी त्या एकशे एक दिवसांवर पुढे पुस्तकच लिहिलं.

शाळेत हा प्रसंग शिकवतात तो देशभक्तांच्या पहिल्या तुरुंगवासाची गोष्ट म्हणून. सुटका झाली तेव्हा लोकांनी त्यांचं जंगी स्वागत केलं, हेही सांगतात. बनावट पत्रांचा मुद्दा मात्र एका वाक्यात उरकतात. मला तोच भाग महत्त्वाचा वाटतो. कारण पुढे काय झालं पाहा. १८८३ च्या अखेरीस महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात वारले. पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर. म्हणजे महाराजांना वाईट वागणूक मिळते आहे हा टिळक-आगरकरांचा मूळ संशय अगदीच हवेतला नव्हता. मत बऱ्याच अंशी बरोबर आणि त्याचा आधार खोटा, असं हे दुर्मीळ पण शिकण्यासारखं उदाहरण आहे. आपलं मत बरोबर आहे अशी खात्री असते तेव्हाच पुराव्याकडे डोळेझाक होते. बर्व्यांविषयी कोणाचंच मत चांगलं नसताना, बर्व्यांविरुद्ध आलेल्या कागदाची शाई कोण तपासणार? आज एखाद्या नेत्याची जुनी चित्रफीत कापूनजोडून फोनवर येते आणि आपण ती पुढे ढकलतो, तेव्हा नेमकं हेच घडत असतं. फरक एवढाच की त्या दोघांना तुरुंगात जावं लागलं.

तथ्य आणि मत यांतला फरक कायद्याने फार बारकाईने पाहिला आहे, आणि आपल्याकडचे पत्रकारसुद्धा त्याकडे फारसं लक्ष देत नाहीत. १८६० च्या भारतीय दंड संहितेतलं कलम ४९९ बदनामीचं. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेत ३५६ झालं. त्याला दहा अपवाद आहेत. पहिल्या अपवादात आरोप खरा असावा लागतो आणि तो छापणं लोकहिताचं असावं लागतं. पण सार्वजनिक सेवकाच्या वर्तनावर किंवा एखाद्या लोकांपुढे ठेवलेल्या कृतीवर मत देताना ते खरं असण्याची अट नाही. तिथे सद्भावना पुरते. लोकांपुढे ठेवलेल्या कृतीबद्दलच्या सहाव्या अपवादाखाली दिलेलं उदाहरण मला फार आवडतं. एक जण दुसऱ्याच्या पुस्तकाबद्दल म्हणतो, की हे पुस्तक मूर्खपणाचं आहे, तेव्हा लेखक कमकुवत बुद्धीचा असला पाहिजे. पुस्तक अश्लील आहे, तेव्हा त्याचं मन मलिन असलं पाहिजे. हे चालतं, कारण मत पुस्तकावरून काढलं आहे आणि पुस्तक सगळ्यांच्या समोर आहे. पण तोच जर म्हणाला की पुस्तक मूर्खपणाचं आणि अश्लील आहे यात मला नवल वाटत नाही, कारण लेखक मुळातच दुबळा आणि बदफैली माणूस आहे, तर अपवाद लागू होत नाही. कारण आता त्याने पुस्तकाबाहेरचं काहीतरी ठाऊक असल्याचा दावा केला आहे आणि तो दावा मताच्या शालीखाली दडवला आहे.

मराठी राजकीय स्तंभ वाचताना हे उदाहरण मनात ठेवावं. अमुक मंत्र्याचं भाषण पोकळ होतं, हे मत. भाषण पोकळ असणारच, कारण त्याला लिहून दिलेलंही वाचता येत नाही, इथे एक तथ्य चोरपावलाने आत आलं. हे तथ्य असेल तर पुरावा कुठे आहे? पुरावा मागितला की स्तंभलेखक हसून सांगतो, अहो, विनोद होता.

विनोद होता, मत होतं, अतिशयोक्ती होती, हा बचाव अमेरिकेत न्यायालयांपर्यंत गेला आहे, आणि तिथली काही प्रकरणं आपण मुद्दाम पाहावीत. १९८७ मध्ये तिथल्या संचार आयोगाने दोन्ही बाजू मांडण्याची नभोवाणी-दूरचित्रवाणीवरची जुनी सक्ती काढून टाकली, आणि १९९६ मध्ये एमएसएनबीसी आणि फॉक्स न्यूज या वाहिन्या आल्या. फॉक्स उजवीकडे झुकलेली, एमएसएनबीसी कालांतराने डावीकडे. फॉक्सच्या टकर कार्लसन यांनी एका महिलेवर खंडणीसारखा आरोप केला. तिने दावा लावला. २०२० मध्ये न्यायालयाने तो फेटाळला, कारण कार्यक्रमाचा एकूण सूर पाहता शहाणा प्रेक्षक ते बोलणं शब्दशः तथ्य म्हणून घेणार नाही. एमएसएनबीसीच्या रेचल मॅडो यांनी एका प्रतिस्पर्धी वाहिनीला अक्षरशः पगारी रशियन प्रचार म्हटलं. तो दावाही फेटाळला गेला आणि २०२१ मध्ये अपिलातही तेच कायम राहिलं. अक्षरशः हा शब्द वापरूनही ते मतच ठरलं. दोन्ही बाजूंच्या वकिलांनी आपापल्या निवेदकाच्या वतीने जवळजवळ एकच गोष्ट सांगितली की आमच्या माणसाचं बोलणं अगदी शब्दशः घेऊ नका. हे ज्यांच्या बाजूने बोललं गेलं त्यांच्या प्रेक्षकांना ते किती जणांनी कळवलं, कोण जाणे.

पण या बचावालाही हद्द आहे. १९९० मध्येच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की वाक्याआधी माझ्या मते असं जोडल्याने खोट्या तथ्याचं मत होत नाही. २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीत मतदान यंत्रं बनवणाऱ्या डॉमिनियन कंपनीने मतं फिरवली, असे आरोप फॉक्सवर पुन्हा पुन्हा झाले. कंपनीने दावा लावला. खटला उभा राहण्याआधीच डेलावेअरच्या न्यायाधीशांनी ठरवलं की ती विधानं खोटी आहेत आणि मत म्हणून त्यांना संरक्षण मिळणार नाही. १८ एप्रिल २०२३ रोजी फॉक्सने ७८.७५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. यंत्राने मतं फिरवली की नाही, हे तपासता येतं. मुद्दा तिथेच संपतो.

आता थोडं कठीण. तथ्य आणि मत वेगळं करायला शिकलेला वाचक एका ठिकाणी हमखास फसतो, ते म्हणजे निवडलेली तथ्यं. बाळासाहेब ठाकरे यांच्या 'मार्मिक' साप्ताहिकात साठच्या दशकात मुंबईतल्या कचेऱ्यांमधल्या अमराठी, मुख्यतः दाक्षिणात्य, अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या जात. सदराचं नाव होतं 'वाचा आणि थंड बसा'. यादीत विशेषण नाही, आरोप नाही, टीका नाही. नुसती नावं. प्रत्येक नाव पडताळता येण्यासारखं, आणि समजा प्रत्येक खरं. तरीही ही यादी मराठी पत्रकारितेतलं एक सर्वांत प्रभावी मत होतं, आणि जून १९६६ मध्ये शिवसेना उभी राहिली त्यामागे तिचा वाटा कोणीही नाकारत नाही. मत यादीतल्या कोणत्याही ओळीत नव्हतं. ते होतं काय मोजलं आणि काय मोजलं नाही यात. त्याच कचेऱ्यांतल्या मराठी कारकुनांची, शिपायांची, अधिकाऱ्यांची यादी शेजारी असती, एकूण पदं किती हे दिलं असतं, कोणत्या पदाला काय पात्रता लागते हे दिलं असतं, तर त्याच नावांचा अर्थ वेगळा झाला असता. किंवा तोच राहिला असता. कसं, ते तपासायची सोय मात्र वाचकाला नव्हती.

जे छापलं जात नाही तेही याच खात्यात जमा होतं. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेब आंबेडकरांचं 'मूकनायक' पाक्षिक निघालं. त्याची जाहिरात, तीही पैसे देऊन, छापायला 'केसरी'ने नकार दिल्याचं नोंदलेलं आहे. आपल्या वाचकांपुढे 'केसरी'ने एकही खोटं वाक्य ठेवलं नाही. एक गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचू दिली नाही, इतकंच. तथ्यतपासणी करणाऱ्या आजच्या संकेतस्थळांना हा प्रकार पकडता येत नाही, कारण तपासायला वाक्यच नसतं. त्यांच्या कामाला कमी लेखण्याचा हेतू नाही. चिप असलेली नोट त्यांनीच पकडायची. पण ती चाळणी जाड भोकांची आहे, हे ठाऊक असावं.

मराठी बातमीची भाषा हा या पुस्तकातला सर्वांत मोठा भाग आहे, आणि तो लिहिताना मला सर्वांत जास्त मजा आली. डेस्कवर बसणाऱ्या माणसाला मथळा चार-पाच शब्दांत बसवायचा असतो. मग दणका, चपराक, घरचा आहेर, खळबळ, घणाघात हे शब्द कामाला येतात. न्यायालयाचा सरकारला दणका, असा मथळा वाचला की मी आधी आत जाऊन पाहतो की नेमकं झालं काय. अंतिम निकाल लागला, अंतरिम स्थगिती मिळाली, नुसती नोटीस निघाली, की सुनावणीत एखादे न्यायमूर्ती तोंडी काही बोलले? दणका या शब्दात हे चारही मावतात. तोंडी शेरे आणि आदेश यांतला फरक तर फारच महत्त्वाचा. एप्रिल २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत मद्रास उच्च न्यायालयाने निवडणूक आयोगाबद्दल तोंडी अतिशय कडक उद्गार काढले. ते देशभर मथळ्यांत झळकले. आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. सर्वोच्च न्यायालयाने माध्यमांना तोंडी शेरे छापण्यापासून अडवायला नकार दिला आणि त्याच वेळी हेही सांगितलं की ते शेरे न्यायालयाच्या अधिकृत नोंदीचा भाग नाहीत. दोन्ही गोष्टी बरोबर आहेत. शेरा छापावा, आणि तो शेरा आहे असंही छापावं.

प्रश्नचिन्हाचा मथळा ही आणखी एक सोय. टिळकांनी १८९७ मध्ये 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' असं विचारलं तेव्हा उत्तर काय आहे याबद्दल कोणाच्याच मनात शंका नव्हती. ते मत होतं आणि त्याची किंमत ते मोजायला तयार होते. आजचा 'अमुक नेता पक्ष सोडणार?' हा मथळा मत नाही आणि तथ्यही नाही. वार्ताहराकडे बातमी नाही, एवढंच त्या चिन्हातून कळतं. सूत्रांनी दिलेल्या माहितीचंही असंच. सूत्रं लागतात, त्यांच्याशिवाय कोणताही घोटाळा बाहेर आला नसता. पण ज्या बातमीत सूत्रं कोणाच्याही गैरव्यवहाराबद्दल काही न सांगता फक्त एका नेत्याच्या मनातलं सांगतात, तिथे सूत्र म्हणजे बहुतेक वेळा त्या नेत्याचाच माणूस असतो.

मग बाजू सांगणारे शब्द. जून २०२२ मध्ये शिवसेनेचे आमदार आधी सुरतेला आणि मग गुवाहाटीला गेले. कोण कोणत्या दिवशी कुठे होतं, हे तथ्य. त्याला कोणी गद्दारी म्हटलं, कोणी उठाव, कोणी बंड. 'सामना'ने गद्दार म्हणायचं ठरवलं यात फसवणूक नाही. ते मुखपत्र आहे आणि वाचकाला ते ठाऊक असतं. काळजीची गोष्ट ही की तटस्थतेचा दावा करणाऱ्या दैनिकांच्या बातम्यांतही यांतला एखादा शब्द अवतरणचिन्हांशिवाय येऊ लागतो आणि महिन्याभरात तो बातमीचाच शब्द होऊन बसतो. भारतीय प्रेस कौन्सिलची आचारसंहिता सांगते की अंदाज, भाष्य आणि तथ्य यांची सरमिसळ करू नये. ती अग्रलेखाला लागत नाही असं नाही, पण खरी गरज पहिल्या पानाच्या बातमीला आहे.

यासाठीच मी उघड पक्षपाती पत्राला घाबरत नाही. 'सामना' वाचायचा तो ठाकरेंच्या शिवसेनेत काय शिजतंय हे कळण्यासाठी, 'तरुण भारत' वाचायचा तो संघपरिवाराची पावलं ओळखण्यासाठी. त्यांतल्या मतांच्या मागे कोण उभं आहे हे छापील असतं. ज्या मताचा मालकच दिसत नाही ते ओळखणं अवघड. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत तत्कालीन मुख्यमंत्र्यांची स्तुती करणारा एकच लेख, शब्दाला शब्द तोच, परस्परांच्या स्पर्धेत असलेल्या तीन मराठी दैनिकांत बातमी म्हणून आला. पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मधून हे उघड केलं आणि 'पेड न्यूज' हा शब्द घराघरांत गेला. प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या उपसमितीने २०१० मध्ये वृत्तपत्रांची नावं घेऊन सविस्तर अहवाल लिहिला, तर कौन्सिलने आधी त्याचं त्रोटक रूपच प्रसिद्ध केलं. त्या मुख्यमंत्र्यांविरुद्ध निवडणूक आयोगाने खर्चाच्या हिशोबावरून उचललेलं पाऊल २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केलं, हेही इथेच नोंदवायला हवं. वाचकाच्या दृष्टीने धडा साधा होता: तीन पत्रं शेजारी ठेवली असती, तर कोणाही वाचकाला ते दिसलं असतं. ठेवत कोणी नाही. घरात एकच पेपर येतो.

आणि शेवटी वाचकाबद्दल. प्यू संशोधन केंद्राने २०१८ मध्ये अमेरिकेतल्या पाच हजारांवर प्रौढांपुढे दहा विधानं ठेवली, पाच तथ्याची आणि पाच मताची. तथ्याची पाचही अचूक ओळखणारे २६ टक्के निघाले, मताची पाचही ओळखणारे ३५ टक्के. त्याहून महत्त्वाचं असं की आपल्या पक्षाला सोयीचं विधान, मग ते मत असलं तरी, लोकांना तथ्य वाटण्याची शक्यता अधिक होती. रिपब्लिकन काय आणि डेमोक्रॅट काय, दोघांचं तेच. आपल्याकडे असं सर्वेक्षण झालं तर निकाल वेगळा लागेल असं मानायला मला तरी काही आधार दिसत नाही. म्हणून या पुस्तकातले उतारे निवडताना एक काळजी घेतली आहे. प्रत्येक प्रकरणात निदान एक उतारा तुमच्या बाजूचा असेल, तुमची बाजू कोणतीही असो. तो वाचताना विरोधकाच्या उताऱ्याला लावली तीच कातरी लावा. हात थोडा जड होतो, हे मला ठाऊक आहे.

समाजमाध्यमांवरचे संदेश आणि रील्स यांवर वेगळं प्रकरण नाही. त्यांतला मजकूर बहुधा पत्रांतून आणि वाहिन्यांवरून उचललेला असतो आणि ज्या युक्त्या तिथे चालतात त्याच इथे, फक्त लेखकाचं नाव गळालेलं असतं. दूरचित्रवाणीवरच्या चर्चा मात्र घेतल्या आहेत. आठ चौकटींत आठ माणसं एकाच वेळी ओरडतात तेव्हा त्यात तपासण्यासारखं वाक्य शोधणं हा एक स्वतंत्र व्यायाम आहे.

शेवटचं प्रकरण गोव्याचं आहे. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळं राहायचं, एवढाच प्रश्न. विलीनीकरणाला फूल ही निशाणी, वेगळं राहण्याला दोन पानं. 'गोमन्तक' हे मराठी दैनिक विलीनीकरणाच्या बाजूने होतं. त्याला तोंड द्यायला 'राष्ट्रमत' निघालं, तेही मराठीतच. चंद्रकांत केणी त्याचे संपादक आणि उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' हे सदर त्याचं हत्यार. दोन्ही पत्रं उघड बाजू घेऊन लढली. तटस्थ असल्याचं ढोंग कोणीच केलं नाही. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मतं पडली, विरोधात १,७२,१९१. फरक ३४,०२१. यावर कोणाचाही वाद नाही. पण त्याच मतदारांनी मार्चमध्ये झालेल्या विधानसभा निवडणुकीत विलीनीकरणवादी दयानंद बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला तीसपैकी सोळा जागा देऊन पुन्हा सत्तेवर बसवलं. कौलाचा अर्थ काय, मराठीला नकार की विलीनीकरणाला, यावर पणजी-म्हापशात आजही दोन तट पडतात. दोन्ही निकाल त्या प्रकरणात शेजारी शेजारी दिले आहेत. जानेवारी-मार्च १९६७ बद्दल लिहिणारा प्रत्येक जण यांतला कोणता आकडा आधी सांगतो आणि कोणता गाळतो, त्याची नोंद ठेवायला पानाच्या उजवीकडे कोरी जागा सोडली आहे.